उताराच्या वावरात काढलेल्या झुडपांपासून खताचे वाफे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात सातपुड्याच्या पायथ्याशी, साक्री-पिंपळनेरच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा चाळीसगावच्या बाजूला सातमाळ्याच्या उतारावर ज्यांचं वावर आहे, त्यांच्याकडे दरवर्षी एकच चित्र दिसतं. बांधावरची आणि पडीक तुकड्यातली घाणेरी, वेडी बाभूळ, बोरी, रुई तोडली जाते, ढीग वाळतात आणि होळीच्या आसपास कुणीतरी काडी लावतं. त्या ढिगांपासून, लाकूड-पाला चरात मातीखाली पुरून, उतारावरच खताचे वाफे करता येतात. ते करू पाहणारे शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

जाळलं तर एका दिवसात रान मोकळं होतं. मग एवढा खटाटोप कशाला?

जाळल्यावर पालाश आणि चुना राखेत राहतो, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. बरड जमिनीला नेमकी कर्बाचीच भूक असते. आपल्याकडच्या बहुतेक जमिनी चुनखडीयुक्त आणि विम्लतेकडे झुकलेल्या आहेत, त्यामुळे राखेची त्यांना गरजही फारशी नसते. शिवाय उतारावर राख टिकत नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत ती नाल्यात जाते आणि जाताना उघडी पडलेली माती सोबत नेते.

आगीचा धोका वेगळाच. एप्रिल-मे महिन्यात सातपुड्यातलं गवत कडक वाळलेलं असतं. बांधावर लावलेली काडी वाऱ्याने जंगलात कधी शिरली हे कळतही नाही. रोगट झाडाचे अवशेष सोडले, तर जाळण्याचं समर्थन करावं असं मला काहीच सापडत नाही.

घराजवळ खताचा खड्डा आहेच. तसाच खड्डा उतारावर घेतला तर?

घेऊ नका. सपाटीवरच्या खड्ड्यात पाणी मुरतं. उतारावर सुटा खड्डा घेतला की वरचं सगळं वाहतं पाणी त्यात शिरतं, शेणाचा आणि पाल्याचा रस धुऊन खालच्या अंगाने निघून जातो. ढीग घातला तर तो एका बाजूने वाळतो आणि दुसऱ्या बाजूने घसरतो.

उतारावर खत करायचं तर आधी पाणी थांबवावं लागतं. म्हणून वाफा उताराला आडवा, समपातळीत हवा. असा वाफा पावसाचं पाणी अडवतो, त्यातलं लाकूड ते पाणी धरून ठेवतं आणि तीच ओल लाकूड कुजवते. जागा चुकली तर शेण, कुजवणारं जिवाणू कल्चर, जीवामृत कितीही ओता, पैसा पाण्यासोबत जातो.

समपातळी रेष डोळ्याने काढता येते का? यंत्र लागतं का?

डोळा फसवतो, डोंगराच्या उतारावर तर हमखास. पण यंत्रही लागत नाही. ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A अक्षरासारखी काठ्यांची चौकट, घरी तासाभरात होते. सात फुटांच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा, खालची टोकं सहा फुटांवर फाकवा आणि मधोमध आडवी काठी घट्ट बांधा. वरच्या गाठीपासून एक दोरी सोडून तिला दगड बांधा, दगड आडव्या काठीच्या खाली लोंबला पाहिजे.

आता चौकट उभी करा, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोका आणि दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा, त्याच खुंट्यांशी पाय टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी, ठळक खूण करा. दोरी तिथे आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. मग एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा वर-खाली सरकवायचा, दोरी खुणेवर आली की फक्की टाकायची आणि पुढे जायचं. वारा पडलेला असेल तेव्हा, सकाळी लवकर हे काम करा. वाऱ्यात दगड हलत राहतो आणि रेष वाकडी पडते.

ही रेष नागमोडी येणारच. ट्रॅक्टरला सोयीची व्हावी म्हणून ती सरळ करण्याचा मोह आवरा. किरकोळ वळण सैल केलं तर चालतं, पण रेष उतारात गेली की पाणी एका टोकाला जमतं आणि तिथेच वाफा फुटतो.

दोन वाफ्यांमध्ये अंतर किती ठेवायचं?

दोन ओळींच्या उंचीत साधारण तीन फुटांचा फरक धरा. दहा फुटाला एक फूट उतार असेल तर हे अंतर तीस फूट येईल, उतार याच्या निम्मा असेल तर साठ फूट. चार फुटाला एक फूट किंवा त्याहून जास्त चढ असेल तर खोदकाम करूच नका. तिथे फांद्यांचे भारे समपातळीत आडवे टाका, खालच्या अंगाला मेखा ठोका आणि वरच्या अंगाला साचणाऱ्या मातीत गवत येऊ द्या. तिथे भाजीपाला घ्यायचा विचारही नको.

वाफा रचायचा कसा?

आधी तोडलेला माल तीन ढिगांत वेगळा करा: मनगटाएवढं आणि त्याहून जाड लाकूड, अंगठ्याएवढ्या काटक्या, आणि पाला-कोवळे शेंडे. सगळं काम या वेगळं करण्यावर अवलंबून आहे, कारण तिघांचं कुजणं वेगळं आहे. पाला तीन-चार महिन्यांत खत होतो, काटक्यांना वर्ष-दीड वर्ष लागतं, जाड लाकडाला त्याहून पुष्कळ जास्त. सगळं एकत्र टाकलं की ना पाला नीट कुजतो, ना लाकूड.

फक्कीच्या रेषेवर तीन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल चर काढा. वरची काळसर माती वरच्या अंगाला आणि खालचा मुरूम खालच्या अंगाला टाका. मुरमाचा हाच खालचा बांध होतो, तो पायाने दाबून घ्या. चर सलग लांबवर नेऊ नका, तीस-पस्तीस फुटांवर दोन-तीन फूट जागा न खोदता सोडा. एका ठिकाणी काही बिघडलं तर सगळं पाणी तिकडे धावत नाही.

तळाला जाड लाकूड आडवं, एकमेकांना लागून ठेवा. लाकडांमधल्या फटी मातीने पूर्ण भरा. या पायरीला सगळे कंटाळतात आणि पुढची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. फट राहिली की तिथे हवा खेळते, लाकूड कोरडं राहतं, उंदीर घर करतात आणि पावसात वरची माती आत ढासळते. पहारीने खोचून, पाणी मारून माती खाली उतरवा. त्यावर काटक्यांचा थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), मग हिरवा पाला, पुन्हा शेणकाला. शेवटी वरची काळी माती सहा इंच आणि त्यावर वाळलेल्या गवताचं आच्छादन. खालच्या अंगाला दर चार फुटांवर मेख ठोका.

भरण्याची योग्य वेळ एप्रिल ते मे अखेर. पाऊस पडेपर्यंत वाफा भरून, दाबून तयार हवा.

चित्रात तर कमरेएवढे उंच वाफे दाखवतात. आपण जमिनीत का पुरायचे?

लाकडावर माती चढवून उंच वाफा करण्याच्या त्या पद्धतीला ह्यूगलकल्चर म्हणतात आणि ती जर्मनीकडची आहे. तिथे हवा थंड, ओल भरपूर, उंचवट्यामुळे जमीन लवकर तापते हा फायदा. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि वारा दिवसभर सुटलेला असतो. इथे उंच वाफा चहूबाजूंनी वाळतो. म्हणून लाकूड जमिनीखाली, आणि वाफा जमिनीच्या वर जेमतेम वीतभर.

फूटभर खणलं की मुरूम किंवा खडक लागतो. मग?

जेवढं खणता येतं तेवढंच खणा. खालच्या अंगाला दगडांची दीड फुटांची ताल, म्हणजे बांध, रचा आणि तिच्या आत थर भरा. डोंगरउतारावर दगडांना तोटा नसतोच. जाड लाकूड मात्र अशा उथळ वाफ्यात घालू नका, काटक्या आणि पालाच वापरा.

कोणतं झुडूप चालतं, कोणतं नाही?

घाणेरी, म्हणजे टणटणी, सगळ्यात जास्त निघते. तिचा पाला गुरांना विषारी आहे, खाल्ला तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. खतात मात्र तो चांगला कुजतो. अडचण दोन गोष्टींची: ओल्या मातीला टेकलेली हिरवी फांदी मूळ धरते आणि फळं पाखरं पसरवतात. म्हणून फांद्या दोन-तीन आठवडे उन्हात कडक वाळवा, फळांचे घोस वेगळे काढून गरम ढिगात (त्याची माहिती पुढे आहे) घाला.

नुसती कापली तर घाणेरी दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातले वनस्पतीशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी यावर साधी पद्धत मांडली आहे: खोड वर न कापता जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप तसंच उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीत असते, ती गाठ बाहेर आली की पुन्हा फुटवा येत नाही. पावसाळ्यात जमीन मऊ असताना हे काम भराभर होतं.

वेड्या बाभळीचे काटे कुजायला फार वेळ घेतात. जिथे अनवाणी उतरून खुरपायचं आहे त्या वाफ्यात ही काटेरी फांदी एकही नको. जाड लाकूड सरपणाला ठेवा, त्याचा जाळ चांगला होतो. काटेरी शेंडे चार फुटाला एकच्या चढावरच्या त्या आडव्या ओळींत टाका, शेळ्यांपासून राखणही होईल. शेंगा गुरांच्या पोटातून सगळीकडे पसरतात, त्या गुरांच्या तोंडी लागू देऊ नका.

गाजर गवत फुलण्याआधीच काढा आणि घाला. फुललेलं असेल तर वाफ्यात नको, फक्त गरम ढिगात. उपटताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवा, त्याच्यामुळे कातडीला खाज आणि दमा दोन्ही होतात.

रुईचा पाला लवकर कुजतो, तो जरूर घाला, पण चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बेशरम आणि निवडुंग तुकडे करून पूर्ण वाळल्याशिवाय मातीला लावू नका. हराळी, कुंदा आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र कोणत्याही वाफ्यात घालू नका. उन्हाळ्यात खडकावर पसरून त्या महिनाभर तापू द्या.

तरोटा फुलोऱ्याआधी कापला तर उत्तम हिरवं खत. निंब, पळस, सुबाभूळ, गिरीपुष्प यांचा पाला जितका मिळेल तितका घ्या. गिरीपुष्प तर वाफ्यांच्या मधल्या जागेत मुद्दाम लावावं, शेंगवर्गीय असल्याने पाल्यात नत्र भरपूर असतं.

कपाशीची पऱ्हाटी आणि केळीचे खांब वापरता येतील का?

दोन्ही वापरा. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर पडते. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवा, बोंडं-कवड्या वेचून नष्ट करा आणि पऱ्हाटी श्रेडरने, म्हणजे काटक्यांचा भुगा करणाऱ्या यंत्राने, बारीक करा. जानेवारीत केलेला हा भुगा काटक्यांच्या थरासाठी झकास. भरताचं वांगं भाजण्यापुरती पऱ्हाटी बाजूला ठेवायची असेल तर तीही बोंडं काढलेलीच ठेवा.

रावेर, यावल, चोपडा भागात केळी काढल्यावर खांब बांधावर पडून राहतात. खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पालाशही भरपूर. उभे चिरून लाकडांच्या वर घातले तर उन्हाळ्यात तेच ओलीचा साठा होतात. मर किंवा कंदकूज असलेल्या बागेतला खांब मात्र आणू नका. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते.

माल बारीक करायला कडबाकुट्टी चालेल का?

कोवळे शेंडे आणि पाला चालतो. वाळकी काटकी घातली की पाती तुटतात. कुट्टीवर काम करताना गळ्यात उपरणं, रुमाल किंवा सुटा पदर नको. श्रेडर भाड्याने मिळत असेल तर तो घ्या. नाहीच मिळाला तर कोयत्याने हातभर तुकडे केले तरी पुरतात.

शेण किती लागेल? नाहीच मिळालं तर?

लाकडात कर्ब खूप, नत्र अगदी थोडं. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं, ते लाकडात मिळालं नाही की ते मातीतलं उचलतात आणि वरचं पीक पिवळं पडतं. म्हणून प्रत्येक थराला शेणकाला हवा, लाकूड ओलं दिसेल आणि काला फटीत उतरेल इतका. गोमूत्र असेल तर तेही द्या.

शेण कमी असेल तर हिरवा पाला आणि केळीचे खांब वाढवा. रासायनिक खताचं वावडं नसेल तर उसाच्या पाचटासाठी रूढ असलेलं प्रमाण काटक्या-पाल्यालाही धरता येतं: एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू कल्चर. कल्चर म्हणजे जादू नव्हे. ओल आणि नत्र नसेल तर कोणत्याही बाटलीतले जिवाणू काम करत नाहीत.

बारीक मालाचं लवकर खत हवं असेल तर?

मग वाफ्याच्या वरच्या अंगाला, थोड्या सपाट जागेवर वेगळा ढीग घाला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत जी पद्धत बसवली, ती आजही सरस आहे. इंदूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आणि हवाही बरीच आपल्यासारखी, हे मी मुद्दाम सांगतो. कोरडा पाला, हिरवा पाला, शेण आणि थोडी माती यांचे थर, छातीएवढी उंची आणि पंधरा-वीस दिवसांनी ढीग उलटवणं. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं पाहिजे, तेव्हाच तणाचं बी मरतं. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा, पाच मिनिटांनी काढा. मुठीत धरवत नसेल इतकी तापली तर ढीग बरोबर चालला आहे. बाहेरचा माल उलटवताना आत गेला पाहिजे, नाहीतर कडेचं बी जिवंत राहतं.

ढीग उलटवायला माणूस मिळत नसेल तर नाडेप बांधा. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच जाळीदार हौद. त्यात १४००-१५०० किलो काडीकचरा आणि अवघं ९०-१०० किलो शेण लागतं, माती मात्र पावणेदोन टन. तीन-चार महिन्यांत खत निघतं. शेण कमी असलेल्या घरासाठी मला हीच पद्धत पटते.

ओल बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आतला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच भुगा पडला तर कोरडं. उन्हाळ्यात भरताना लाकूड आधी रात्रभर भिजवलं तर निम्मं काम होतं. पाणी विकत घ्यावं लागत असेल तर वाफे कमी करा, पण भरताना लाकूड कोरडं ठेवू नका. पहिल्या पावसापर्यंत फक्त आच्छादन सांभाळा.

वाळवी लागेल ना? आणि हुमणी?

वाळवी लागणार, आणि लाकडाची माती करण्यात तिचाही हात आहे. पण घराची भिंत, कुडाचं छप्पर आणि नव्या लावलेल्या कलमांपासून वाफा पंचवीस-तीस फूट लांब ठेवा. तहानलेल्या कोवळ्या रोपावर वाळवी आधी चढते.

हुमणीपासून, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीपासून, जास्त जपा. अर्धकच्चं शेण वाफ्यात घातलं की अळ्यांना आयतं घर मिळतं. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघतात आणि संध्याकाळी निंब, बाभूळ, बोरीवर बसतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. सगळ्या गावाने एकदम केलं तरच उपयोग होतो. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी कुजलेल्या खतात मिसळून वाफ्यात द्यावी. शेणखड्ड्यातली प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणीच असते असंही नाही, गेंडा भुंग्याच्या अळ्याही तिथे सापडतात. एक-दोन अळ्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. रावेर तालुक्यात पाल इथे आहे, जळगावजवळ ममुराबादला आहे, धुळे आणि नंदुरबारलाही आहे.

ढिगात साप असतात. काम कसं करायचं?

तोडलेला ढीग महिनाभर पडून राहिला की त्यात फुरसं, घोणस, विंचू असू शकतात हे धरूनच चाला. हाताने ओढण्याआधी लांब आकडीने ढीग उलटा, पायात गमबूट घाला, अंधार पडल्यावर हात लावू नका. दंश झालाच तर कापू नका, करकचून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. माणसाला स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

झाडं तोडायला परवानगी लागते का?

घाणेरी, वेडी बाभूळ ही झुडपं स्वतःच्या मालकीच्या वावरात काढताना सहसा अडचण येत नाही. पण १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, अंजन, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, चंदन अशी झाडं आहेत, त्यांना परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. कायदा नसता तरी अंजन तोडू नका म्हटलं असतं, बरड माळावर तग धरणारं दुसरं असं झाड नाही. वनपट्ट्याची जमीन असेल तर आधी ग्रामसभेची वनहक्क समिती आणि वनपाल यांच्याशी बोला. नाल्याकाठचा झुडपांचा पट्टा मोकळा करूच नका, काठ ढासळतो.

झुडपांवर आधीच तणनाशक मारलं आहे. तो माल चालेल का?

त्या वर्षी भाजीच्या वाफ्यात नको. टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं भेंडीसारखी होतात, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. वेगळा कुजवा आणि खत झाल्यावर कुंडीत मूग टाकून पाहा. पानं वाकडी आली तर ते खत गवताच्या बांधावर टाका.

पहिल्या वर्षी काय लावायचं?

वेल आणि शेंगा. गिलके, दुधी, डांगर, चवळी. मूळ उथळ आणि भूक मध्यम असलेली पिकं घ्या. पहिल्या पावसाळ्यात वाफा खाली बसतो, कधी कधी तिसरा हिस्सा, त्यामुळे रोपांच्या मुळाशी माती ओढत राहा. वांगी आणि मिरची दुसऱ्या वर्षी. भरताच्या वांग्याला, ज्याला २०१६ साली जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, असा मुरलेला वाफा फार मानवतो. मुळा-गाजर नको, काटकीला अडून फाटे फुटतात. आंबा, सीताफळ यांची कलमं वाफ्यात कधीच नको, जमीन बसली की मुळं तुटतात. ती वाफ्याच्या खालच्या अंगाला तीन-चार फुटांवर लावा, झिरपलेली ओल त्यांना मिळते.

दोन-तीन वर्षांनी वाफ्याचं काय करायचं?

उन्हाळ्यात एका टोकाला उकरून पाहा. लाकूड बोटांनी कुस्करलं जात असेल आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा असेल तर ते सगळं वर काढून खालच्या पट्ट्यात पसरा आणि चर नव्या मालाने पुन्हा भरा. लाकूड अजून कडक असेल तर झाकून टाका, वरून शेणकाला द्या आणि आणखी एक पावसाळा जाऊ द्या. अर्धवट कुजलेले, पांढरी बुरशी चढलेले तुकडे निघाले तर तेच पुढच्या वाफ्यात नव्या लाकडांच्या मधोमध ठेवा, तिथून बुरशी नव्या लाकडात पसरते.